प्रिंटची ओळ काढ

"बाबा, राजदीप सर चार वाजेपर्यंत मंजुरी मागून राहिले," प्राची म्हणाली. "प्रिंटची ओळ टाकली तर क्रॅश थांबला न, मग चालू दे म्हणतात."

माझी मुलगी नेहरू नगरच्या आमच्या घरूनच काम करते; राजदीप तिचा साहेब. तिच्या कंपनीचे यंत्र गॅसगळतीचा इशारा नेटवर्कवरून कंट्रोल रूमला पाठवते. दोन-तीन दिवसांतून एकदा त्याची ऑपरेटिंग सिस्टिमच कोसळायची. कारण शोधायला तिने सॉकेटच्या, म्हणजे नेटवर्कची जोडणी सांभाळणाऱ्या कोडमध्ये एक संदेश छापणारी ओळ टाकली, आणि पाच दिवस काहीच झाले नाही. का, ते कुणालाच ठाऊक नव्हते. मंजुरीवर नाव मात्र प्राचीचे जाणार होते.

मी प्लांटमधून निवृत्त झालेला माणूस. सी भाषा म्हातारपणी पुस्तकांतून शिकलो, त्यामुळे आपले चुकत असेल ही धास्ती कायमची. तरी आठवडाभर तो कोड कागदावर वाचत होतो.

प्लांटमध्ये यंत्रावर चढण्याआधी प्रत्येकाने स्विचवर आपला टॅग लावायचा. शेवटचा टॅग निघाल्याशिवाय यंत्र सुरू होत नसे. एकदा सोबतच्या लहानूचा टॅग दिसला म्हणून मी माल वाहणाऱ्या पट्ट्यावर चढलो. आपला नंतर लावू म्हटले. लहानूने काम संपवून त्याचा टॅग काढला आणि पट्टा हलला. उडी मारली म्हणून वाचलो.

या कोडमधला टायमर, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारा भाग, तेच करत होता. आधी सॉकेट शोधायचा, वापरणाऱ्यांत स्वतःची नोंद नंतर करायचा. मधल्या क्षणी प्रोसेसरच्या दुसऱ्या कोअरने शेवटची नोंद काढली, की सॉकेट पुसले जाई आणि टायमर अधांतरी; तिथेच सिस्टिम कोसळे. प्रिंटमुळे नोंद काढणारी बाजू जरा रेंगाळत होती, एवढेच.

"प्रिंटची ओळ काढ," मी म्हणालो. "अन् शोधणं नि नोंद, यांच्या मधात थोडा उशीर टाक."

"कावून? क्रॅश वाढन न!"

"वाढू दे. दडलेली चूक दिसन तरी."

अकराव्या सेकंदाला यंत्र कोसळले. परत लावले, परत तिथेच. मग प्राचीने शोध आणि नोंद एकाच लॉकखाली आणली, म्हणजे मधे कुणाला शिरता येऊ नये. उशीर तपासणीपुरता तसाच ठेवला. दोन तास झाले, यंत्र एकदाही कोसळले नाही.

चूक वडिलांनी शोधल्याचे प्राचीने कळवले, तेव्हा राजदीपने फोनवर मलाच मागितले. "अंकल, पाँच दिन चला है. आप रिटायर्ड आदमी, काहे टेंशन लेते हैं?"

एरवी मी फोन परत दिला असता. या वेळी कानाशी धरून ठेवला.

"पाँच दिन मैं भी बिना टैग के बच जाता, राजदीपजी. बग गया नहीं, छिपा है. प्राची साइन नहीं करेगी."

तिला न विचारताच बोलून बसलो! मी घाबरून तिच्याकडे पाहिले. तिने फोन घेतला.

"सर, साइन नए पैच पर करूँगी. पुराने पर आप अपना नाम डालिए."

जुन्यावर स्वतःचे नाव टाकायला राजदीप तयार नव्हता. मग, "भेजो पैच."

"बाबा, पॅचखाली चूक शोधणाऱ्याचं नाव लिहावं लागते," ती टाइप करता करता म्हणाली. "कोणाचं टाकू?"

नको म्हणणार होतो.

"माझं टाक. पूर्ण नाव. चुकलं असंन तर जाब मले विचारू दे."