उलटी ठेवलेली पाच पानं

मिस्त्रीच्या पोटात दुखत होतं, आणि या दुखण्यावर कुठल्याही डॉक्टरकडे औषध नव्हतं. बावीस वर्षं तो प्लायवूडच्या कारखान्यात लेथवर उभा होता. एवढ्या वर्षांत मॅनेजरनं त्याला "ए मिस्त्री" यापलीकडे हाक मारली नाही. आणि त्याची बायको, जी तीन वर्षांपूर्वी लाकडाची पातळ पानं निवडायच्या टेबलावर लागली, ती मात्र "मॅडम"! घरी हीच मॅडम "अहो, ओला टॉवेल उचला आधी" म्हणून खेकसते, हे मॅनेजरला कोण सांगणार?

कारखान्याचा जीव लेथमध्येच, असं मिस्त्रीचं ठाम मत. वाफेवर मऊ केलेला ओंडका लेथवर गरगर फिरतो, लांबलचक सुरी त्याला टेकते आणि पेन्सिलीला टोक करताना निघते तशी लाकडाची अखंड साल सुटत जाते. ती कापली, सुकवली की झालं पान. एक पान उभं, त्यावर ग्लू लावलेलं दुसरं आडवं, पुन्हा उभं. थरांची संख्या विषम ठेवायची, म्हणजे फळी वाकत नाही. गरम प्रेसमध्ये दाबली की प्लायवूड तयार. यात निवडणाऱ्यांनी काय दिवे लावायचे? कुठलं पान वर दिसायला आणि कुठलं पोटात, एवढं खडूनं लिहायचं. "बसून खायचं काम!" असं तो चारचौघांत म्हणे. ते उभ्यानं करायचं काम आहे हे त्याला रोज समोर दिसत होतं, तरी म्हणे.

त्या दिवशी सकाळी मॅनेजर लेथपाशी आला, तोही फक्त बातमी द्यायला. "बोटींच्या केबिनी बनवणारे साहेब दुपारी येतायत. मॅडमची पानं त्यांनी पास केली, तर उद्यापासून मॅडम निवड विभागाच्या प्रमुख. मग पानात खोट दिसली की लेथ थांबवायचा अधिकारही त्यांचाच. काय मिस्त्री, खूश ना?"

मिस्त्री हसला. हसताना दात दुखले. त्याचा लेथ, आणि ती बोट दाखवणार, आणि तो थांबवणार! सगळा कारखाना बघणार! तळपायाची आग मस्तकात गेली ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत काही खाली उतरली नाही.

सुट्टीत सगळे डबे उघडून बसले तेव्हा तो एकटाच तिच्या टेबलापाशी गेला. साहेबांसाठी काढलेली चाळीस पानं एकावर एक रचलेली होती. प्रत्येक पानाला दोन बाजू असतात. ओंडक्यावरून सुटताना बाहेरची बाजू घट्ट राहते, आतल्या बाजूला केसाएवढ्या चिरा पडतात. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारख्याच. पण चिरांची बाजू वर लागली, तर पॉलिशखाली वर्षभरात भेगा दिसतात. हे बायकोला सांगितलं होतं त्यानंच. लग्नाच्या पहिल्या वर्षी तो कारखान्यातून एक तुकडा घरी घेऊन गेला होता, तिचं बोट धरून दोन्ही बाजूंवरून फिरवलं होतं आणि विचारलं होतं, "लागलं का काही?" तेव्हा ती नुसती हसली होती.

मिस्त्रीनं पाच पानं उलटी करून ठेवली. मधली मधली. आणि डबा न उघडताच लेथवर परत आला.

साहेब आले ते चष्मा पुसतच. तिसरंच पान त्यांनी उचललं, हलकेच वाकवलं आणि बारीक चिरा उघडल्या. "मॅडम, ही बाजू वर कशी?"

मॅनेजरचा चेहरा पडला. लेथचा आवाज चालू होता, पण मिस्त्रीला त्यातूनही सगळं ऐकू येत होतं. बायकोनं पान हातात घेतलं. मग मान वर करून सबंध शेड ओलांडून थेट त्याच्याकडे पाहिलं. मिस्त्रीला सुरीकडे बघायचं एकदम महत्त्वाचं काम निघालं.

"चूक माझी," ती म्हणाली. "उलटी लागलीत. थांबा."

तिनं डोळे मिटले. उरलेल्या पानांवरून एकेक करत तळवा फिरवला. एक बाजूला काढलं. दुसरं. तिसरं. चौथं. साहेबांनी चारही वाकवून पाहिली. चारही उलटी होती. बाकीच्या गठ्ठ्यातलं एकही नव्हतं.

"डोळे मिटून?" साहेबांनी चष्मा काढला. "हे कुठं शिकलात?"

"घरी. हे जेवताना सांगायचे, मी ऐकायची. आता तीन वर्षं काही सांगत नाहीत."

साहेबांनी सगळी पानं पास केली. सगळी पानं सुलटी असती, तर त्यांनी ती कदाचित नुसती मान डोलवून घेतली असती. आता ते मॅनेजरला "अशी माणसं जपा" म्हणून बजावत होते. आपणच आपल्या हातानं बायकोला प्रमुखाच्या खुर्चीवर नेऊन बसवलं, हे मिस्त्रीच्या ध्यानात आलं. जीव नुसता जळत होता.

साहेब गेल्यावर ती लेथपाशी आली. हात पदराला पुसत हळूच म्हणाली, "पाचच होती ना? सहावं कुठं असेल तर आत्ताच सांगा."

"पाचच," मिस्त्री म्हणाला. तोंडून निघून गेलं आणि मग कान तापले.

ती रागावेल म्हणून तो वाट बघत राहिला. तिनं नुसतं लेथवरून ताजं निघालेलं एक पान पुढे केलं. "यावर अख्खी लांब रेघ उठतेय. सकाळपासूनच्या सगळ्यांवर आहे. सुरीच्या धारेला खाच पडलीय. थांबवा."

शेडमधली माणसं हातातलं काम सोडून बघायला लागली. बावीस वर्षांत त्याच्या सुरीला कोणी नाव ठेवलं नव्हतं. सकाळपासून त्याचं लक्ष सुरीवर नव्हतंच, तिच्या टेबलावर होतं. त्यानं लाल बटण दाबलं. ओंडका फिरता फिरता थांबला.

मिस्त्रीनं वाकून पात्याच्या धारेवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. "कुठाय? मला तर काहीच नाही लागत."

तिनं त्याचा अंगठा धरला, वीतभर डावीकडे नेला आणि टेकवला.

"लागलं का काही?"

"लागलं," तो म्हणाला. हेवा होता तसाच होता. पण अंगठा त्यानं सोडवून घेतला नाही.