पायरीपासून अकरा फूट

हंबीररावांनी पिराजीला बोलावणं धाडलं आणि त्यांची बायको विठाबाई हिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पिराजी म्हणजे पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा धरून रानातनं हिंडायचा आणि नारळ उभा राहिला की सांगायचा, इथं बोअर मारा, पाणी हाय. कोडोलीच्या आसपास त्याच्या नारळावर लोकांचा भारी विश्वास. पण हंबीररावांनी त्याला पाण्यासाठी बोलावलंच नव्हतं. घरच्या संडासाची टाकी कुठं पुरलीय ते शोधायला बोलावलं होतं. आता काय म्हणायचं ह्याला?

आठ दिवस संडास तुंबलेला. पाणी ओतलं की वर यायचं. कोल्हापूरहून टाकी उपसायची गाडी आली होती, पण ड्रायव्हरनं झाकण कुठाय विचारलं तेव्हा घरच्या मालकाला सांगता येईना. शेवटी तो पाइप गुंडाळून शिव्या देत निघून गेला. पुरुषांचं काय, ते उसात शिरतात. विठाबाईनं आणि तिच्या सुनेनं, संयोगितानं, दिवसातनं दोनदा शेजारच्या मळ्यातल्या संडासाला जायचं, मान खाली घालून, त्या घरच्यांची सवड बघून. आणि एवढं सगळं होत असताना टाकी कुठं आहे ते विठाबाईला तोंडपाठ होतं. पुढच्या दाराच्या पायरीपासून पूर्वेला अकरा फूट. पण तिला विचारतंय कोण?

टाकी बांधली त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हा हंबीररावांनी पश्चिमेला, गोठ्याजवळ, खुंट्या ठोकून दिल्या. झाकण पावण्यांच्या नजरेला पडता कामा नये, सगळं मुरमाखाली गाडा, असा हुकूम सोडला आणि स्वतः कारखान्याच्या निवडणुकीच्या प्रचाराला गडहिंग्लजकडं गेले ते चार दिवस तिकडंच. इकडं तीन फुटांवर काळा खडक लागला. पहार उडायला लागली. गवंडी म्हणाला, वहिनी, आता काय करू? तेव्हा विठाबाईनंच ठरवलं की टाकी घराच्या पुढच्या अंगाला घ्यायची. मजूर कमी पडले तर तिनं स्वतः पाट्या उचलल्या. वर शहाबादी फरश्या टाकल्या, त्यावर मुरूम पसरला. हंबीरराव आले ते कपाळाला गुलाल लावून. तिनं त्यांना सगळं नीट सांगितलं. ते म्हणाले, बरं बरं, च्या टाक.

तेव्हापासून ती जागा तिनंच राखली. वर अबोली लावली, कारण अबोलीची मुळं खोल जात नाहीत. भोवतीनं दगड मांडले, म्हणजे बैलगाडी म्हणा, मोटारसायकल म्हणा, कुणी वर आणू नये. हंबीररावांनी एकदा तिथं लावायला नारळाचं रोप आणलं तर ती आडवी पडली. म्हातारीचं अबोलीचं खूळ, असं सगळी वस्ती म्हणायची. म्हणू देत, तिनं काही मनावर घेतलं नाही.

पिराजी आला तेव्हाही तिनं त्याच्या तोंडावर सांगितलं, टाकी अबोलीखाली आहे. हंबीरराव हसले. बायकांना फुलांशिवाय काही सुचत नाही, खुंट्या मी माझ्या हातानं ठोकल्यात, असं पिराजीला म्हणाले आणि गोठ्याकडं बोट दाखवलं. झालं. पिराजीनं चहा घेतला, डोळे मिटले आणि नारळ घेऊन अंगणभर फिरला. अबोलीच्या कडेनं गेला तेव्हा नारळ ढिम्म हलला नाही. गोठ्यात गेला आणि नारळ ताडकन उभा राहिला. मालकानं बोट दाखवलेलं तेवढं त्या नारळाला बरं कळलं.

गोठ्याची फरशी फोडली. म्हैस दोन दिवस उन्हात बांधली, तिनं दूध अर्ध्यावर आणलं. तीन फुटांवर तोच काळा खडक लागला. विठाबाई तिथंच उभी होती. हा खडक तुम्हाला बावीस वर्षांमागं सांगितला होता, असं तिनं सुनावलं. तर हंबीरराव म्हणाले, टाकी आणखी खाली गेली असणार. टाकी म्हणजे काय गांडूळ आहे, खाली खाली जायला? पण पिराजीनं मान डोलावली आणि खणणाऱ्यांनी पण डोलावली. तिचं बोलणं वाऱ्यावर.

तेवढ्यात उसाला तोड आली, कारखान्याची तोडकऱ्यांची टोळी रानात उतरली. दिवाळीत पडलेल्या पावसानं रानातल्या वाटेचा पार चिखल झालेला, ट्रॉली निघणार कुठनं? रात्री जेवताना हंबीरराव म्हणाले, अंगणातनं काढू. विठाबाईनं भाकरी थापता थापता बजावलं, अंगणातनं न्या, पण अबोलीवरनं नेऊ नका, खालच्या फरश्या जुन्या झाल्यात, भरलेली ट्रॉली पेलायच्या नाहीत. हंबीररावांनी आमटी मागितली. ऐकलं असेल असं तिला वाटलं. चाळीस वर्षांच्या संसारानंतरही तिला असं वाटावं, हे तिचं भाबडेपण.

सकाळी ती कोडोलीला बाजाराला गेली. दहाच्या सुमाराला परत आली तर अंगण सपाट. दगड उचलून कुंपणाला टाकलेले आणि अबोलीची रोपं मुळासकट उपटून ढीग लावलेला. कालपर्यंत रंगानं भरलेली जागा उघडीबोडकी पडली होती. आणि रानाच्या बाजूनं ट्रॅक्टर येत होता, मागं शिगोशीग भरलेली ट्रॉली. चालवत होता कृष्णात, शेजारच्या मळ्यातला. ह्याच अंगणात खेळून मोठा झालेला पोरगा, आणि आता त्याच्या घरी चार महिन्यांची लेक. पुढचं चाक बरोब्बर टाकीच्या रोखानं येत होतं.

विठाबाईनं पिशवी टाकली आणि ती पळाली. वांगी, मिरच्या सगळं अंगणभर झालं. टाकीच्या अलीकडं, घट्ट जमिनीवर, ट्रॅक्टरच्या तोंडासमोर तिनं मांडी ठोकली. कृष्णातनं ब्रेक मारला तसे चार-पाच ऊस खाली आले.

"उठ तिथनं," हंबीरराव सोप्यातनं ओरडले. "टोळी खोळंबलीया. गावात शोभा करतीस व्हय?"

तिनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"कृष्णात, इंजन बंद कर," ती म्हणाली. "पहार घे आणि माझ्या पाठीमागं हातभर सोडून मार. खाली माती लागली तर मी आपणहून बाजूला हुतो."

कृष्णातनं मालकाकडं बघितलं. मालक नको म्हणून हात हलवत होते. पण म्हातारी काही हलायची नाही, हे त्याला कळलं असावं. त्यानं इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि पहार घेतली. पहिल्या घावाला मुरूम उडाला. दुसऱ्या घावाला आवाज आला तो पोकळ, रिकाम्या पिंपावर बुक्की मारल्यासारखा. त्यानं हातानं मुरूम बाजूला सारला. खाली शहाबादी फरशी होती, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेलेली. तड्यातनं असा भपकारा आला की दोघंही लांब सरली.

कृष्णातनं फरशीकडं बघितलं, मग पुढच्या चाकाकडं. मधे तीन हात अंतर होतं. तो तिथंच खाली बसला. मला आज तुम्ही वाचवलं, एवढंच कसंबसं म्हणाला. ऊसतोडीच्या बायका मोळ्या टाकून जवळ आल्या. टाकी सापडली का बघायला आलेला पिराजी त्यांच्या मागं उभा होता, हातातली नारळाची पिशवी पाठीशी धरून. संयोगिता धावत आली आणि सासूचा दंड धरून उभी राहिली.

हंबीरराव चपला सरकवत खाली आले. वाकून तडा बघितला. घसा खाकरला.

"मग आधी बोलायचं न्हाय व्हय?" ते म्हणाले.

ऐकलंत? आधी बोलायचं, म्हणे. विठाबाईला वाटलं, आपण इथंच ह्या माणसाच्या नावानं बोंब ठोकावी. पण तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला.

"बावीस वर्सांमागं सांगितलं. पिराजीच्या देखत सांगितलं. रात्री ताटावर सांगितलं. तुमी नारळाला इचारलं. मला एकदा तरी इचारलं? मी ह्या घरात हाय का न्हाय?"

हंबीररावांनी चपलेच्या टोकानं थोडा मुरूम तड्यावर सारला.

मग तिनंच सूत्रं हातात घेतली. संयोगिताला दोरी आणि चार मेसकाठ्या आणायला लावल्या, टाकीच्या भोवतीनं रोवून दोरी बांधून घेतली. कृष्णातला ट्रॅक्टर मागं घ्यायला लावला, ट्रॉली लांबून कुंपणाच्या कडेनं जाऊ दे म्हणाली. उद्या गवंडी बोलवायचा, नवा सळईचा स्लॅब टाकायचा आणि झाकण जमिनीच्या वर वीतभर काढायचं. पावण्यांना दिसलं तर दिसू दे, पावणे काय संडासला जात नाहीत? आणि टाकीचं माप भिंतीवर रंगानं लिहायचं. उद्या मी मेले तर पुन्हा नारळ नको, असं ती सगळ्यांच्या देखत म्हणाली.

संयोगितानं आतनं टेप आणला. विठाबाईनं तो घेऊन सरळ हंबीररावांच्या हातात दिला.

ते टेपचं टोक धरून अंगणाच्या मधे उभे राहिले. एकदा गोठ्याकडं वळले, एकदा कुंपणाकडं. पंधरा-वीस माणसं बघत होती. शेवटी खालच्या आवाजात ते म्हणाले, "कुठनं मोजू?"

"आयकू आलं न्हाय," विठाबाई म्हणाली. "तिकडं मागं पिराजीला बी आयकू जाऊ द्या."

हंबीररावांनी मान वर केली. चाळीस वर्षांत त्यांनी तिला जेवायला काय आहे ह्यापलीकडं काही विचारलं नव्हतं.

"टाकी कुठनं मोजायची?" त्यांनी मोठ्यानं विचारलं.

"पायरीपासनं," ती म्हणाली, आणि उन्हात पडलेली अबोलीची रोपं गोळा करायला वाकली.