दोन चिंचोके आणि तुरीचे दोन दाणे

मादन हिप्परग्यात अंकुशरावांच्या घरी कडब्याच्या खोलीत दुसरी चूल घालून आठ दिवस झाले होते. धाकट्या भावानं, बळीरामनं, आपल्या हातानं घातली. माती वाळली, पोतेरंही फिरलं. सोमवारी तिच्यावर दूध उतू घालायचं, की दोघा भावांच्या भाकऱ्या वेगळ्या. भांडण कशावरून म्हणाल, तर बळीरामनं न विचारता ट्रॅक्टर एका दोस्ताला दिला. अंकुशराव रागाच्या भरात बोलून गेले, "मग वेगळंच हो की!" बळीराम म्हणाला, "होतो." झालं! तेव्हापासून दोन महिने भाऊ भावाशी बोलत नव्हता.

खरं सांगायचं तर अंकुशरावांना वेगळं व्हायचंच नव्हतं. पण बोललेलं मागं कोण घेणार? थोरल्यानं? छे! आणि तो गाढव तरी घेतोय का?

त्यात रविवारी मंजुश्री आली. अंकुशरावांची ही लेक बंगळुरात पाच वर्षं कुठल्याशा बारीक कणांवर पीएचडी करत होती. पोरीच्या डोक्याला ताप नको, म्हणून तिला कुणी काही सांगायचं नाही असा त्यांनी घरात दम भरला होता. दुपारी ते ओट्यावर तूर निवडत बसले होते, शेजारी त्यांची बायको सोजराबाई चिंच फोडत होती. लेकीची नजर सारखी कडब्याच्या खोलीकडं जायला लागली, तसं अंकुशरावांनी घाईनं विचारलं, "काय गं, तू तिथं नेमकं काय करायलीस?"

पाच वर्षांत बापानं पहिल्यांदा विचारलं. मंजुश्री खूश झाली. तिनं आईसमोरचे दोन चिंचोके उचलले, सुपातले तुरीचे दोन दाणे घेतले आणि फरशीवर मांडले.

"हे बघा अप्पा. मेसॉन म्हणत्यात त्या जातीचा एक कण हाय. जन्मला की डोळ्याचं पातं लवायच्या आतच फुटतो. अशाला रेझोनन्स म्हणत्यात. त्याच्या पोटात चौघं हायत. दोन जड, दोन हलके. वीस-बावीस वर्साखाली सापडला, पण भांडण अजून मिटंना."

"कशाचं भांडण?"

तिनं एकेका चिंचोक्याला एकेक तूर चिकटवली. "हे चौघं एका गाठीत बांधलेत, का ही एक जोडी आन ती एक जोडी, नुस्त्या शेजारी शेजारी राहायलेत? दोन्ही जोड्या वेगळ्या वेगळ्या मोजल्या तरी वजन जवळपास तेवढंच भरतंय. घट्ट बांधलं असतं तर वजन घटलं असतं. म्हंजे घट्ट बांधल्यालं काय दिसंना."

अंकुशरावांच्या हातातलं सूप थांबलं. चौघं. दोन जोड्या. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"कुनी सांगितलं तुला?"

"आमच्या सरांनी. ते म्हणत्यात, जोड्या पहिल्यापासून वेगळ्याच हायत."

"पहिल्यापासून?" अंकुशराव उसळलेच. "तुझ्या सराला काय ठावं? तीस वर्सं एका ताटात जेवलाव आमी!"

मंजुश्री बघतच राहिली. सोजराबाईनं तोंडाला पदर लावला. "अवं, ती कणाचं सांगायली."

अंकुशराव वरमले, पण डोक्यात भुंगा शिरला तो शिरलाच. "बरं, तू काय म्हणतीस?"

"मी दोन मॉडेलं मांडून बघितली. म्हंजे आत असं असंल तर भाईर कसं दिसंल, ते गणितानं काढायचं. दोन्ही जुळत्यात."

"दोन्ही कशी जुळतील? एक खरं असंल की!"

"तेच तर कळंना."

पाच वर्षं शिकून पोरगी म्हणते कळंना! आता काय बोलायचं! अंकुशरावांना राग आला, पण तीस वर्षं या घरात राहून त्यांना तरी कुठं कळत होतं? त्यांनी आवाज खाली आणला. "मग कळायचं कसं?"

"फुटताना बघायचं. कोन कोनासंगं भाईर पडतंय. कवा जोड्या तशाच निघत्यात, आन कवा..." तिनं दोन्ही चिंचोके एकीकडं सारले, दोन्ही तुरी दुसरीकडं. "जड जडासंगं, हलके हलक्यासंगं. दोन्ही बघण्यात आलंय."

"आं? नवरा-बायको सोडून?"

"कोन नवरा, अप्पा?"

"काय न्हाई. चिंच निवड."

सोमवारी सकाळी सोजराबाईनं जुन्या चुलीतला विस्तव काढून दिला आणि बळीरामच्या बायकोनं, केवळबाईनं, नव्या चुलीवर दूध उतू घातलं. दारात उभ्या मंजुश्रीला तेव्हा सगळं उमगलं. तिनं डबडबल्या डोळ्यांनी बापाकडं बघितलं. बापानं जमिनीकडं बघितलं.

दुपारी भूक लागली तसे अंकुशराव जुन्या स्वयंपाकघरात गेले. चूल गार. तवा नाही, परात नाही, पिठाचा डबाही नाही. आणि भिंतीला टेकून, रोजच्या पाटावर, रिकामं ताट पुढ्यात घेऊन बळीराम बसलेला! त्यालाही कुणी जेवायला हाक मारली नव्हती. त्यानं मान खाली घातली.

कडब्याच्या खोलीतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, आणि हसण्याचा. अंकुशरावांनी जाऊन बघितलं. दोघी जावा आणि मंजुश्री एका ताटात जेवत होत्या.

"अगं, आमचं जेवन?"

सोजराबाईनं मान वर केली नाही. "वेगळं तुमी दोघं झालाव. आमाला कुनी इचारलं? आमचं काय वाकडं न्हाई. केवळबाई आन मी हितं, तुमी भाऊ-भाऊ तिकडं."

"अक्का, अजून अर्धी घ्या," म्हणत केवळबाईनं तिच्यापुढं भाकरी सारली.

"मंजू, हे कोनच्या मॉडेलात बसतंय गं?" अंकुशरावांचा आवाज चिरकला.

"मलाबी कळंना, अप्पा," मंजुश्री म्हणाली. हसत होती का रडत होती, तेही त्यांना कळलं नाही.

ते परत येऊन आपल्या पाटावर बसले. घर फुटणार या भीतीनं दोन महिने काळीज कुरतडत होतं. आता ते फुटलं होतं, पण कुठल्या रेघेवर फुटलं तेच समजेना. समोर गार चूल, शेजारी भाऊ. बळीरामच्या पोटात गुरगुर झाली ती ऐकू आली.

"बळी," अंकुशराव म्हणाले, "भाकरी थापाया येती का रं तुला?"

"न्हाई अण्णा." बळीरामनं मान वर केली. "तुमाला?"

"मला कुटली येती!"

दोघं उठले. ताट बळीरामनं उचललं, त्याची दुसरी कड अंकुशरावांनी धरली, आणि ते कडब्याच्या खोलीच्या उंबऱ्याशी जाऊन उभे राहिले.

सोजराबाईनं तव्यावरची भाकरी उलथली. "कुनाला वाढू?"

अंकुशरावांनी धाकट्याकडं बघितलं. "आमचं एकच ताट हाय," ते म्हणाले.