व्हर्नाच्या राखणीचं पिस्तूल

मी एक पिस्तूल आहे. दचकू नका, हात वर करू नका. माझ्या पोटात सध्या एकही गोळी नाही, आणि असती तरी पहिली उडाल्यावर दुसरी अडकण्याचीच शक्यता जास्त. फ्रिजवर ठेवलेल्या एका पत्र्याच्या डब्यातून, कुलपाआडून मी बोलतोय.

पिस्तूल म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे फौजदार आणि दरोडेखोर येत असतील. मी त्या खानदानातला नाही. मी तळहातात मावतो. माझ्या नळीचं तोंड जेमतेम पाव इंचाचं, म्हणून पूर्व केंटकीच्या या डोंगरात मला ‘पाव इंची’ म्हणतात, आणि म्हणताना हसतात.

माझा जन्म इथून फार लांब, कॅलिफोर्नियातल्या एका शेडमध्ये झाला. पोलाद माझ्या नशिबात नव्हतं. ज्या जस्ताच्या दाराच्या मुठी ओततात त्याच जस्तातून मला ओतलं. माझे कोपरे घासणारी बाई दिवसभर रेडिओ ऐकायची. तिनं दिवसाला माझ्यासारखे शेकडो घासले असतील, निरखून एकालाही पाहिलं नाही.

मग मी गारलंडच्या दुकानात आलो. हा गारलंड एका काचेच्या कपाटात बंदुका ठेवायचा आणि शेजारच्या पेटीत मासे धरायला लागणारी गांडुळं. लोक दोन्ही खरेदी एकाच फेरीत उरकत. माझ्या गळ्यात एकोणसत्तर डॉलरची चिठ्ठी होती. माझ्या गुणदोषांची जेवढी चर्चा त्या काचेवर झाली, तेवढी एखाद्या उपवर मुलीनंही ऐकली नसेल.

मला घेतलं वेन्डेल स्टॅम्परनं. कोळशाच्या ट्रकची इंजिनं दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता आणि कोळशाच्या धुळीनं त्याची छाती खाल्ली होती. नाकात नळी आणि मागे ढकलगाडीवर प्राणवायूचं नळकांडं, अशा थाटात तो आला. बरोबर त्याचा शेजारी एस्टिल कूम्स होता. एस्टिलची बायको कधीच वारली होती, आणि गप्पा मारायला घरात कुणी नसल्यामुळे तो त्या सगळ्या बाहेर मारायचा.

“व्हर्नासाठी पाहिजे,” वेन्डेल म्हणाला. “मी काही पुढचा उन्हाळा बघत नाही. मागे ती एकटी.”

“मग अडतीस नंबरची रिव्हॉल्व्हर घे,” गारलंड म्हणाला. “सहा गोळ्या, कधी अडकत नाही.”

“तिचं वजन बघ. व्हर्ना ती कपाटात ठेवील. चोर काय कपाटापाशी येऊन वाट बघणार आहे? जवळ असलेलं लहान बरं की घरी राहिलेलं मोठं?”

“लहानच पाहिजे तर बावीसची आहे. गोळ्या स्वस्त. पण दहात एखादी फुसकी निघते. ही पाव इंचीची गोळी महाग, पण फुटते बघ.”

“फुटते, पण करते काय?” एस्टिलनं मला दोन बोटांत धरून उचललं. “गारलंड, माझ्या कोंबड्याला याची गोळी घातलीस ना, तर तो मागे वळून तुला टोचील. मला लागली तर मी आधी जेवण पुरं करीन आणि मग डॉक्टरकडे जाईन.”

सगळे हसले. वेन्डेल हसता हसता खोकला आणि खोकता खोकता त्यानं पैसे काढले. खुद्द व्हर्ना बाहेर गाडीत बसली होती. तिचा हात कसा आहे, तिला हे पेलेल का, हे त्या तिघा शहाण्यांपैकी कुणालाही विचारावंसं वाटलं नाही. मी तेव्हाच ओळखलं की या माणसांचं आणि माझं गणित चुकणार.

घरी आल्यावर तिनं मला पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“हे काय आणलंस?”

“मी गेलो की तुझी बहीण तुला शहरात, डेटनला घेऊन जाईल.”

“घेऊन जाईल म्हणजे? मी काय सोफा आहे? मी या घरातून हलत नाही.”

“म्हणूनच आणलं. त्या गुंगीच्या गोळ्यांपायी पोरं दारं फोडतायत. एकटी कशी राहशील?”

“एस्टिल आहे ना. रोज सकाळी माझ्या स्वयंपाकघराचा पडदा सरकलाय का ते बघतो. नाही सरकला तर येऊन हाका मारतो.”

“आणि चोर आला तर? गोष्टी सांगून पळवील?”

“त्याच्या गोष्टी ऐकून कुणीही पळेल,” व्हर्ना म्हणाली, पण तिनं मला हातात घेतलं.

गोळी नळीत चढवायची तर माझं वरचं कवच मागे ओढावं लागतं. अंग एवढंसं असलं तरी आतली स्प्रिंग भलतीच ताठ. आम्हा स्वस्त, छोट्या पिस्तुलांचं हे एक दुखणंच आहे, आणि बायकांसाठी म्हणून विकतातही आम्हालाच. व्हर्नाची बोटं सांधेदुखीनं आल्याच्या गड्ड्यासारखी वाकडी झालेली. तिनं तीनदा ओढलं, कवच हललं नाही. चौथ्यांदा वेन्डेलनंच ते ओढलं, गोळी नळीत चढवली आणि सुरक्षेचा खटका लावून मला तसंच तिच्या हवाली केलं.

“आता काही करायचं नाही. खटका खाली, की चाप ओढ.”

असं भरून ठेवू नये, असं माझ्याबरोबरच्या कागदावर ठळक छापलं होतं. तो कागद पहिल्याच दिवशी कचऱ्यात गेला होता.

मार्चमध्ये वेन्डेल गेला. आमच्या खोऱ्यात एक रीत आहे. मयताची वेळ वर्तमानपत्रात छापून येते, आणि ती सोयरेधायरे वाचतात तसे चोरही वाचतात. सगळे चर्चमध्ये गेले की घर रिकामं. म्हणून अंत्यविधीला जाताना घरात कुणीतरी एक माणूस बसवून जातात. हे काम शेजाऱ्याचं. पण वेन्डेलला खांदा द्यायचा तर शेजाऱ्यांपैकी कुणालाच मागे राहायचं नव्हतं, आणि एस्टिल तर सहा खांदेकऱ्यांत पहिला. तेव्हा मागे राहिली ओपल, व्हर्नाची धाकटी बहीण. चाळीस वर्षं शहरात काढलेली, आदल्या दिवशीच डेटनहून आलेली.

व्हर्नानं निघताना तिच्या हातात मला ठेवलं. “खटका खाली, की चाप ओढ. काही लागणार नाही म्हणा.”

ओपल स्वयंपाकघरात बसली. टेबलावर शेजाऱ्यांनी आणून दिलेली झाकलेली भांडी होती, घेवडा, तळलेली कोंबडी, केळ्यांचं पुडिंग, प्रत्येकाच्या बुडाला मालकिणीच्या नावाची पट्टी. तिनं काही खाल्लं नाही. जरा कुठे लाकूड कुरकुरलं की तिचा अंगठा माझ्या खटक्यावर जायचा. डेटनमध्ये तिच्या दाराला तीन कुलपं होती आणि न ठोठावता कुणी आत येत नसे. इथं खोऱ्यात मागचं दार ठोठावलं तर घरच्यांना वाटतं, काहीतरी वाईट बातमी आहे. ही गोष्ट ओपल विसरली होती आणि तिला आठवण करून देण्याचं कुणाला सुचलं नव्हतं.

तिकडे चर्चमध्ये व्हर्नाच्या लक्षात आलं की शवपेटीत निजलेल्या नवऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा नाही. “हा कुणी दुसराच वाटतोय,” ती म्हणाली. “एस्टिल, जरा घेऊन ये. फ्रिजशेजारच्या खणात आहे.” फोन करून जा, असं कोण म्हणणार? त्या दारानं एस्टिल तीस वर्षं न विचारता आत येत होता.

पायऱ्या वाजल्या. दाराची मूठ फिरली. ओपलनं खटका खाली केला आणि चाप ओढला.

माझा आवाज फटाक्याएवढा. तिनं पुन्हा ओढला, पण रिकामं काडतूस माझ्या जबड्यात अडकलं होतं. आयुष्यात मी केलेली ती एकच चांगली गोष्ट, पण तीही एका गोळीनं उशिरा.

“ओपल, मी आहे गं. एस्टिल.” त्यानं खाली आपल्या शर्टाकडे पाहिलं. बरगडीखाली मसुराएवढं भोक होतं. “नवा होता हा शर्ट.”

ओपल फोनकडे वळली. “मी फोन करते. गाडी बोलावते.”

“या पाव इंचीसाठी? गारलंड वर्षभर माझी टिंगल करील.” त्यानं तिच्या हातातून मला काढून फ्रिजवर ठेवलं, एक धुतलेलं फडकं घडी करून शर्टात खोचलं आणि वरून कोटाची बटणं लावली. “गांधीलमाशी चावल्यासारखं वाटतंय. हे बघ, कुणाला काही बोलू नकोस. आज वेन्डेलचा दिवस आहे. तो झाला की दाखवून येतो.”

“एस्टिल, रक्त येतंय.”

“थोडंसंच येतंय.”

खरंच थोडंसंच येत होतं. बाकीचं आत जात होतं. माझ्यासारख्याची जखम बाहेरून लहानच दिसते, आणि गारलंडच्या काचेवर आयुष्यभर चर्चा करणाऱ्या माणसाला एवढं ठाऊक नसावं याचा मला आजही संताप येतो. पण त्यानं माझ्यासारख्यांना इतकी वर्षं इतक्यांदा हसून घेतलं होतं की माझ्या गोळीनं मरणं त्याला लाजिरवाणं वाटलं असतं. त्यानं खणातून चष्मा काढला, फुंकर मारून काचा पुसल्या आणि तो गेला. ओपल फोनपाशी उभी राहिली. तिनं उचलला आणि ठेवला. तो शपथ घालून गेल्यासारखा गेला होता, आणि घाबरलेल्या माणसाला कुणी गप्प बस म्हटलं तर बरंच वाटतं.

पुढचं मी नंतर लोकांच्या तोंडून ऐकलं. एस्टिलनं चष्मा व्हर्नाच्या हातात दिला. शवपेटीला हात लावला आणि बाकी पाच जणांबरोबर ती टेकडीवरच्या स्मशानापर्यंत चढवली. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण त्या दिवशी कुणाचा नव्हता? पेटी खाली उतरली तेव्हा तो घडीच्या खुर्चीवर बसला आणि मान खाली घातली. व्हर्नाला वाटलं रडतोय. गाणं संपलं, सगळे उठले, तो उठला नाही. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पोचायच्या आत रस्त्यातच त्याचा प्राण गेला.

शेरीफच्या लोकांनी ओपलला दोष दिला नाही. अपघात म्हणून कागद झाला. ती डेटनला परत गेली. आधी दर रविवारी तिचा फोन यायचा, आता येत नाही. दोघी बहिणींना एकमेकींशी एकच गोष्ट बोलायची आहे आणि ती बोलता येत नाही.

मे महिन्यात शेरीफच्या कचेरीतल्या माणसानं व्हर्नाला बोलावलं आणि मला टेबलावर ठेवलं.

“बाई, खटला नाही, तेव्हा हे तुमचं तुम्हाला परत.”

“मला नको.”

“मग याचा लिलाव होईल. तसा कायदाच आहे. चांगलं चालतंय अजून.”

“म्हणजे कुणीतरी घेणार?”

“चाळीस डॉलरला हातोहात जाईल. लोक बायकोसाठी नेतात.”

व्हर्नानं सही केली आणि मला पिशवीत टाकलं. घरी येऊन तिनं मला वेन्डेलच्या जेवणाच्या डब्यात घातलं, कुलूप लावलं आणि किल्ली मागच्या आडात टाकली. मी दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नये एवढाच तिचा हेतू होता. पण हे तिनं कुणाला सांगितलं नाही, ती सांगणाऱ्यातली नाही. खोऱ्यात एवढंच कळलं, की म्हातारीनं जाऊन ते पिस्तूल परत आणलं.

तेव्हापासून या घरात कुणी येत नाही. चर्चच्या बायका वळणावर गाडी थांबवतात, हॉर्न वाजवतात आणि व्हर्ना ओसरीवर दिसेपर्यंत गाडीतून उतरत नाहीत. भांडं पायरीवर ठेवतात आणि लांबूनच तब्येत विचारतात. सकाळी तिचा पडदा सरकला की नाही हे बघणारं समोरचं घर बंद आहे. गेल्या महिन्यात ती तापानं दोन दिवस अंथरुणात होती. पडदा दोन दिवस बंदच राहिला. मी डब्यातून तिचं कण्हणं ऐकत होतो.

वेन्डेलची इच्छा मात्र पुरी झाली. व्हर्ना आपल्याच घरात राहते. चोर अजून एकही आलेला नाही.

माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. या खोऱ्यात कधी आलात तर वळणावर हॉर्न वाजवत बसू नका. मागचं दार ती उघडंच ठेवते, जानेवारीच्या थंडीतही. ठोठावू नका, सरळ आत या. ती दोन माणसांचा स्वयंपाक करते अजून.