कापण्याआधीची प्रत

इरमने पडद्यावरचं पान सरकवलं, तशा नीलम्मा खुर्चीतून उठून पडद्यापाशी गेल्या. धारूरच्या कन्याशाळेच्या पहिल्या वर्गाचा फोटो. पहिल्या रांगेत दोन वेण्या घालून बसलेल्या त्या स्वतः. त्यांनी फोटोच्या डाव्या कडेवर बोट ठेवलं.

“इथली आमिनाबी कुठं गेली?”

शाळेत संगणक शिकवणारी इरम माऊसकडे बघत राहिली. आमिनाबी तिची दादी. मुलींच्या वर्गाला गावात कुणी जागा देईना, तेव्हा तिने आपली ओसरी रिकामी करून दिली होती. मूळ फोटोत ती त्या ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. आता फोटोखाली लिहिलं होतं, की संस्थेच्या अध्यक्षांच्या वडिलांनी स्वतःच्या जागेत शाळा सुरू केली.

“फोटो मोठा होत होता, बाई,” अध्यक्ष भगवानराव म्हणाले. “आज मुद्दा निराळा हाय. इरम, दोन्हीतलं कोणतं घ्यायचं?”

इरमने संस्थेचं संकेतस्थळ नमुन्यादाखल दोनदा बांधलं होतं, एकदा जूमला आणि एकदा ड्रुपल या संकेतस्थळं बांधायच्या तयार प्रणालीवर. घाटनांदूर आणि उमापूरच्या शाखांना एकमेकींच्या सूचना वाचायला आतली पानंही होती. जूमला लवकर उभं राहतं, दिसायला देखणं, ती म्हणाली. ड्रुपल शिकायला जड, पण कुणी काय बघायचं, काय बदलायचं, हे त्यात माणसागणिक ठरवता येतं. दोन्ही फुकट.

“फुकट? मग मालक कोण?”

“मालक न्हाई, साहेब. ज्याला येतं तो भर घालतो.”

“बिनमालकाचं!” भगवानराव खो खो हसले. “आन् पुसलेलं पुरतं पुसलं जातं का? उगं कुणी जुनं उकरायला नको.”

इरमने ड्रुपलचं पान पुढे आणलं.

“ड्रुपल घ्या, साहेब. बाहेरून बघणाऱ्याला त्यात जुनं काही दिसत न्हाई.”

“मग तेच.” ते उठले. “आन् बाई, तुमी पहिल्या वर्गातल्या. इतिहासाचं पान तुमच्या नावानं गेलं तर शोभंल. यांचं खातं उघडून दे गं.”

ते जिना उतरल्यावर नीलम्मांचा आवाज चढला.

“ओसरी कुणाची आन् नाव कुणाचं! वर माझीच सही पायजे! फोटो कापला कुणी?”

“मीच, बाई.”

“सख्ख्या दादीला? कावून?”

“नोकरी पक्की व्हायची हाय अजून.”

इरमने दार लोटलं, ड्रुपलच्या पानावर एक बटण दाबलं. कापण्याआधीची प्रत उघडली. पुरा फोटो, खांब, खांबाला धरलेली आमिनाबी आणि खाली तिचं नाव.

“हे जुन्या प्रती ठेवतं, बाई. दादी आत हाय.”

“आत?” नीलम्मांनी चष्मा काढून पदराला पुसला. “जन्मभर आतच होती ती. बाहेर आली ती तेवढी एकदाच, आमच्यासाठी.”

इरमचा हात हळूहळू ‘परत आणा’कडे गेला.

“थांब. दाबणाऱ्याचं नाव राहतं का तिथं?”

“राहतं.”

“मग माझ्या नावानं उघड,” नीलम्मा म्हणाल्या, “आन् ऊठ त्या खुर्चीवरून.”