बेचाळिसाव्या मिनिटाचे हात

"काका, अजून किती राहिलंय?" अपेक्षाने विचारलं.

"थोडंच, बेटा," असं म्हणत याह्याभाईंनी मशीनवरच्या आकड्यांकडे पाहिलं. एकतीस मिनिटं झाली होती. बेचाळिसाव्या मिनिटाला ते हात येणार होते.

छावणीतल्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. एके काळी ते लग्नांचं शूटिंग करायचे, आता लोकांच्या जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हमध्ये उतरवून द्यायचे. त्यांचा व्हीसीआर म्हणजे त्या भागातला बहुधा शेवटचा चालता व्हीसीआर. लोक त्याच्यासोबत सेल्फी काढायचे. "बाप रे, हे बघून एकदम म्हातारं झाल्यासारखं वाटतंय," असं तिशीतली पोरं हसत हसत म्हणायची, आणि त्रेसष्ट वर्षांचे याह्याभाई मनात म्हणायचे, मग मला आता कुठल्या कपाटात ठेवता?

कॅसेट उतरवायला घाई चालत नाही. तीन तासांचं लग्न उतरायला तीन तासच घेतं. गिऱ्हाइकं कॅसेट ठेवून कामाला निघून जायची. ही पोरगी मात्र चितेगावच्या कंपनीतून सुट्टी काढून आली होती आणि खुर्ची ओढून बसून राहिली होती. कॅसेटवर याह्याभाईंच्याच अक्षरात लिहिलं होतं : इंद्रजीत आणि सुलेखा, वैजापूर, मे १९९८. सुलेखा म्हणजे तिची आई. ती जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

"मोबाइलमध्ये आईचं काहीच नाय," अपेक्षा म्हणाली. "फोन धरला की पदर तोंडावर. शेवटचे दोन-तीन व्हिडिओ आहेत, पण ते दवाखान्यातले. ते बघवत नाय. यात तरी आवाज असंल असं वाटलं होतं."

"तवा सगळ्यावर सनई टाकायचो बेटा. लोकांना तेच आवडायचं."

"असू द्या. मला हात पायजेत. घरी व्हीसीआर होता तवर दर दिवाळीला ही कॅसेट लावायचो आम्ही. कन्यादान आलं की बाबा पॉज करायचे. म्हणायचे, बघ तुझ्या आईचे हात. शुक्रवारी वर्षश्राद्ध आहे. त्या हातांचा फोटो मोठा करून फ्रेम करायची आणि आईच्या फोटोशेजारी लावायची. हारसुद्धा दोन सांगितलेत."

ते हात सुलेखाचे नव्हतेच.

शूटिंगवाल्यांची एक चूक असते, ती बाहेरच्या माणसाला कळत नाही. कॅमेऱ्याचं बटण एकच. एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. गडबडीत एक दाब जास्तीचा पडला की सगळा कारभार उलटा होतो. डोळा लावून शूटिंग चाललंय असं आपल्याला वाटतं तेव्हा कॅमेरा बंद असतो, आणि तो हातात लोंबकळत ठेवून आपण गर्दीतून वाट काढतो तेव्हा गडी इमानेइतबारे जमीन टिपत असतो. आत एक लाल ठिपका दिसतो खरा, पण मे महिन्यात वैजापूरच्या मांडवात डोळ्यांत घाम गेला की लाल काय आणि हिरवा काय.

घरी येऊन त्यांनी कॅसेट लावली, तर कन्यादानाच्या जागी स्वतःचे बूट! जाऊन सांगितलं असतं तर वरपक्षाने त्यांना कॅमेऱ्यासकट मार्केट यार्डातल्या कांद्यात पुरलं असतं. याह्याभाई घाबरले. मिक्सिंग करताना त्यांनी आदल्या आठवड्यातल्या चितेगावच्या लग्नातले नवरीचे हात काढले, आजूबाजूचं काही दिसू नये म्हणून बदामाच्या चौकटीत बसवले आणि वरून सनई सोडली. हिरव्या बांगड्या, मेंदी, ओंजळीतून गळणारं पाणी. कुणाला शंकासुद्धा आली नाही. फक्त तेव्हापासून वैजापूरचं गिऱ्हाईक दारात दिसलं की याह्याभाई आतल्या खोलीत सटकायचे.

बेचाळिसावं मिनिट आलं. पडद्यावर बदाम उमटला. अपेक्षा उठली आणि तिने आपला हात पडद्याजवळ नेला.

"बघा काका, अंगठा. डिट्टो माझा आहे."

याह्याभाईंना कुठे बघावं कळेना. आतल्या पडद्याआडून सगळं ऐकत असलेली त्यांची बायको शहजादी चहा घेऊन आली होती. सत्तावीस वर्षांत ही गोष्ट त्यांनी फक्त तिलाच सांगितली होती. चहा ठेवता ठेवता ती त्यांच्या कानाशी पुटपुटली, "वो चितेगाव की लडकी जित्ती होएंगी. जित्ती औरत के हाथां को हार चढने देते क्या तुम?"

हेच त्यांच्याही मनात आलं होतं. ती बाई जिवंत असेल, आता पन्नाशीची, कुठे तरी पोळ्या लाटत असेल, आणि वैजापुरात कुणी तरी तिच्या हातांना हार घालणार. त्यांनी मशीन थांबवलं.

"बेटा, हे हात तुझ्या आईचे नायत."

अपेक्षाला आधी वाटलं, म्हातारा गंमत करतोय. मग त्यांनी सगळं सांगितलं, बटण, बूट आणि बदाम. सांगताना त्यांचा आवाज इतका कापत होता की शहजादीने त्यांच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली. बदामातल्या त्या हातांकडे अपेक्षा बघत राहिली आणि हळूच आपला हात तिने मागे घेतला.

"मग आईचं काय आहे तुमच्याकडं?" तिने विचारलं.

"जमीन आहे," याह्याभाई म्हणाले.

मूळ कॅसेट त्यांनी पुसली नव्हती. कधी भांडण उभं राहिलंच तर निदान आपण तिथे होतो एवढं तरी दाखवता यावं म्हणून भीतीपोटी ती ठेवून दिली होती. इतकी वर्षं तिला हात लावायचंही धाडस झालं नव्हतं. कपाटातून काढली तेव्हा फितीवर पांढरी बुरशी दिसली. स्पिरिटच्या बोळ्याने त्यांनी ती पुसत आणली. फीत एकदा मशीनमध्ये गुंतली की संपलं सगळं. कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग चालू आहे ना हे त्यांनी तीनदा पाहिलं, मग चौथ्यांदा अपेक्षाला बघायला लावलं.

चित्र सुरू झालं. बूट, सतरंजी, खुर्च्यांचे पाय, कुणाचा तरी सांडलेला सरबताचा पेला. मशीनमधून करकर आवाज आला आणि याह्याभाईंचं बोट बंदच्या बटणावर जाऊन थांबलं. मग पिवळ्या शालूचा काठ आला. त्याखाली हळदीने माखलेले दोन पाय होते. ते एकसारखे उचलले जात होते.

"मोनाली, पाय लई भाजायलेत गं," एक पोरसवदा आवाज आला.

दुसरी कुणी तरी हसली. "थांब की. कन्यादान झालं की बसायचंच हाय."

"ते जाऊ दे. आई जेवली का बघ ना. कालपासनं तिच्या पोटात काय नाय."

आणि चित्र बंद झालं. त्या क्षणी याह्याभाईंनी कॅमेरा उचलून डोळ्याला लावला होता.

अपेक्षाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "माझ्यापेक्षा लहान होती ती," ती म्हणाली आणि तिला रडू कोसळलं. शहजादी तिच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली.

तेवढ्यात अपेक्षाचा फोन वाजला. वडिलांचा होता. इंद्रजीतराव फोनवर मोठ्याने बोलायचे, त्यामुळे खोलीत सगळ्यांना ऐकू येत होतं. याह्याभाईंनी टेबलाची कड घट्ट धरली.

"आले का गं हात?"

अपेक्षाने डोळे पुसले. "आले, बाबा."

"नीट आले ना? बदामातले?"

"व्हय. बदामातले."

"मग फ्रेमवाल्याला फोटो कधी द्यायचा?"

"मोठा केला की फोटो फुटतोय, बाबा. फ्रेम नाय होणार. हारवाल्याला एकच हार सांगा. शुक्रवारी टीव्हीवरच बघू सगळे."

पलीकडून आवाज आला, पण हळू. "बरं. मी पॉज करीन तिथं."

"करा, बाबा."

फोन तिने पर्समध्ये टाकला. "शुक्रवारी पन्नास माणसं असतील," ती म्हणाली. "आत्या, मावश्या, मोनालीमावशीसुद्धा. कुणी ओळखलं तर?"

"इतक्या वर्षांत ओळखलं नाय कुणी," याह्याभाई म्हणाले. त्यांना स्वतःलाच ते खरं वाटलं नाही. "मला माफ कर, बेटा."

"तुम्ही कुणाला सांगायचं नाय," एवढंच ती म्हणाली. "मी बी नाय सांगणार."

राहिलेली कॅसेट उतरवून झाल्यावर तिने दोन पेनड्राइव्ह घेतले. एक वडिलांसाठी, दुसरा, जमिनीचा, स्वतःसाठी. मूळ कॅसेटही मागून घेतली. याह्याभाई तिच्यामागे दारापर्यंत गेले. पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरून ती चालली होती. रस्त्यात एकदा थांबून तिने मागे वळून पाहिलं, कुणी पाठीमागे येतंय की काय असं.

"बोल दिए ना?" शहजादी मागून म्हणाली. "अब तो डर गया तुमारा?"

"मेरा गया," याह्याभाई म्हणाले. "उस बच्ची को लग गया."