काचेवरची सर्दी

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. पाळणाघराच्या दाराशी, लहानग्यांच्या नाकाच्या उंचीवर, दोन खिळ्यांना लटकून माझं आयुष्य गेलं. उजव्या कोपऱ्यातल्या चिरेकडे बघू नका. एका लाकडी हत्तीची आणि माझी ती जुनी ओळख आहे.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवते ती इथली पहिली सकाळ. मला बसवणाऱ्या माणसाने माझ्या काचेवर तीन चेहरे आणले: हसरा, शेंबडा आणि तापाने लाल झालेला. रोज मुलांनी रांगेने यायचं, आधी आपला फोटो दाबायचा, मग आपल्यासारखा चेहरा. नोंद थेट दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे. सर्दी-तापाच्या साथीने उंबरठ्यात पाऊल टाकलं, की त्यांना लगेच कळावं, एवढंच माझं काम.

जाताना बसवणाऱ्याने सफाईच्या मावशींना दम भरला, "याला ओलं फडकं लावायचं नाही हं! बिघडला तर तुम्ही जबाबदार."

"मला काय पडलंय! तुमचा जावई तो, बसू दे तोऱ्यात," मावशी म्हणाल्या.

तेव्हापासून त्या फरशी पुसत, खेळणी पुसत, दाराची कडीसुद्धा पुसत. माझ्यापाशी आल्या, की वळसा घालत.

पहिल्या महिन्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शहाणा आहे हो तुमचा टॅब. दोन दिवस आधी चाहूल देतो." मी फुगलो. मग शेंबडे चेहरे वाढू लागले. सहा, नऊ, चौदा! मला वाटलं, माझीच नजर दिवसेंदिवस धारदार होते आहे. आणि मुलं तर काय लाघवी!

शिंक आली, शिंक गेली, काचेवर सही केली,
नाक पुसल्या बोटांनी माझी पापी घेतली.

एके दिवशी नऊ चेहरे लाल झाले. डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. "दहा दिवसांत लाल चेहरे पाचांच्या खाली आले नाहीत, तर पाळणाघर बंद करावं लागेल."

पाळणाघर चालवणाऱ्या बाई कळवळल्या. "तेवीस मुलं आहेत हो! यांच्या आया कामावर जायच्या कशा? एकीला तर नोकरी लागून आठवडाच झालाय. घरी बसली, की गेलीच ती."

तेवढ्यात मावशींनी फडकं पिळता पिळता तोंड उघडलं. "डॉक्टरीणबाई, रागवू नका. या घरात बसलेली माशीसुद्धा मी पुसून काढते. एकच वस्तू पुसत नाही." आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

डॉक्टरीणबाईंनी मला उन्हाकडे तिरपं धरलं. अरेरे! माझ्या अंगावर तेवीस मुलांच्या बोटांचा चिकट गालिचा. त्यांनी चष्मा सावरून माझ्या जुन्या नोंदी उघडल्या. रांगेत शेंबड्या चेहऱ्याच्या मागे जो उभा, तोच तीन-चार दिवसांनी शेंबडा होत होता. पुन्हा पुन्हा तेच. कुंपणच शेत खात होतं, आणि त्याचा चोख हिशेबही ठेवत होतं!

लाजेने माझी काच काळी पडली. पाळणाघराच्या बाईंना वाटलं, बॅटरी संपली.

"पुसा याला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आणि जावई बिघडला तर?"

"मुलं बिघडण्यापेक्षा बरं."

ते माझं पहिलं स्नान. गुदगुल्या झाल्या, डोळ्यांपुढचं धुकं गेलं आणि मुलं किती गोरीगोमटी, किती सावळी, किती दातपडकी, ते मला पहिल्यांदा नीट दिसलं. पुढे ठरूनच गेलं: मला हात लावण्याआधी साबण, लावल्यानंतर साबण, आणि दोन मुलांच्या मध्ये मावशींचं फडकं. मी बिघडलो नाही. दहाव्या दिवशी लाल चेहरे आले फक्त दोन. पाळणाघर उघडं राहिलं. त्या आईची आठवड्याची नोकरी महिन्याची झाली.

म्हणून सांगतो मित्रांनो, आमच्यासारख्यांना शहाणं म्हणा, पण पुसायला विसरू नका. दुसऱ्याच्या नाकाची नोंद ठेवणाऱ्यालाही आपलं तोंड धुवावं लागतं.

त्या दहाव्या दिवशी सकाळी रांग संपल्यावर मावशींनी इकडेतिकडे पाहिलं, मुलांच्या फोटोंखालचा 'पाहुणा' लिहिलेला चौकोन दाबला, आणि मग हसरा चेहरा. पाचच मिनिटांत डॉक्टरीणबाईंचा फोन. "मावशी, मुलं तेवीस, चेहरे चोवीस? हा पाहुणा कोण?"

"आपला जावई हो," मावशी म्हणाल्या. "आजपासून बरा आहे."